बर्फांतील वाट आधीं कोणाची?

कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत खेड्यांच्या नगरपालिकांस हिवाळ्यांत एक अवघड उदाहरण सोडवावें लागतें. रस्ते लांब, वस्ती विरळ, करदाते थोडे. मग आधीं कोणती वाट मोकळी करावी? २००२ सालच्या नियमांनीं रहदारी व वेगमर्यादा पाहून रस्त्यांचे ६ वर्ग ठरविले. हिमवृष्टि थांबून थर मर्यादेबाहेर गेल्याचें कळलें, कीं तिसऱ्या वर्गाच्या रस्त्यावर तो १२ तासांत ८ सेंटिमीटरपर्यंत खालीं आणावयाचा. पांचव्यावर २४ तासांत १० पर्यंत. सहाव्यास मुदतच नाहीं.

डांबरी रस्त्यावर मीठ टाकतात, कारण खारें पाणी सहज गोठत नाहीं. खडीच्या रस्त्यावर वाळू, कारण मिठानें तो भिजून खचतो. वाळू बर्फ वितळवीत नाहीं, चाकास पकड मात्र देते.

पण सहाव्या वर्गाच्या टोकाला एखादें माणूस आजारी असेल तर? तेथें नियमाचा आधार नाहीं. नगरपालिकेची सदिच्छा आणि शेजाऱ्याचें फावडें, एवढाच भरंवसा.