एकच दांडा की दोन वेगळे पाय?

बालमित्रांनो, तुम्ही कधी गाडीच्या खाली वाकून पाहिलं आहे का? गाडी उभी असताना, इंजिन बंद असताना आणि कुणी मोठं माणूस जवळ असतानाच पाहायचं, बरं का! खाली एक वेगळंच जग असतं. आज आपण त्या जगात डोकावणार आहोत.

पण आधी आमच्या वर्गातली एक गोष्ट सांगतो. चौथीतल्या एका मुलाचे बाबा जुनी जीप चालवतात. बाजाराच्या दिवशी वाडीवरची माणसं, पोती, कोंबड्या, सगळं त्या जीपमधून येतं. एकदा मधल्या सुट्टीत त्याचं आणि त्याच्या मित्राचं कडाक्याचं भांडण झालं. मित्राच्या मामांनी नवी कोरी गाडी घेतली होती. मित्र म्हणाला, "आमच्या मामाच्या गाडीची पुढची चाकं वेगवेगळी हलतात. तुमच्या जीपला खाली नुसता एक दांडा! बैलगाडीच ती!"

मुलगा डोळे पुसत माझ्याकडे आला. "गुरुजी, आमची जीप खरंच बैलगाडी आहे का?"

मी म्हटलं, "एका अर्थी आहे. पण रडू नकोस. अमेरिकेत काही हौशी लोक चांगल्या चालत्या गाडीची पुढची दोन्ही चाकं सोडवतात, लोखंड कापतात आणि हाच दांडा तिथं बसवतात. आता बोल!"

त्याचं रडू थांबलं. सगळा वर्ग भोवती जमला. मग आम्ही जे केलं, ते तुम्हीही घरी करून पाहा.

पट्टी आणि दोन हात

कंपासपेटीतली पट्टी घ्या. तिच्या दोन्ही टोकांखाली एकेक खोडरबर चिकटवा. पट्टी म्हणजे दांडा आणि खोडरबर म्हणजे चाकं. आता एका खोडरबराखाली वही सरकवा. काय झालं? सगळी पट्टी तिरकी झाली. दुसरं खोडरबर जागचं हललं नाही, पण तेही कललं. एका चाकाचं सुखदुःख दुसऱ्याला कळलंच! बैलगाडीचा आस असाच असतो. मोटारीत या दांड्याला एक्सल म्हणतात.

आता दोन्ही तळवे टेबलावर ठेवा. उजव्या तळव्याखाली तीच वही सरकवा. डावा तळवा हलला का? मुळीच नाही. उजव्याला काय झालं याची त्याला खबरही नाही. मामांच्या गाडीची पुढची चाकं अशी असतात. प्रत्येक चाकाला स्वतःचा हात, स्वतःची स्प्रिंग. याला स्वतंत्र सस्पेन्शन म्हणतात.

रस्त्यावर ही स्वतंत्र चाकं फार सुखाची. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं सरळ राहतं आणि स्टिअरिंगला हिसका कमी बसतो. शिवाय जड दांडा चाकांबरोबर वरखाली नाचत नाही, म्हणून बसणाऱ्यांची हाडं खिळखिळी होत नाहीत. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने १९३४ साली आपल्या मोटारींना पुढे अशी चाकं दिली. आपल्याकडच्या ॲम्बॅसडरलाही पुढे स्वतंत्र सस्पेन्शन होतं.

मग कुणी एवढी चांगली सोय काढून का टाकावी?

खडकांची वाट

त्यासाठी आपल्याला कॅलिफोर्नियात जायला हवं. तिथल्या सिएरा नेवाडा डोंगरांत रुबिकॉन नावाची वाट आहे. लांबी सुमारे ३५ किलोमीटर. एवढं अंतर एस.टी. तासाभरात कापेल. या वाटेवर मात्र गाडीवाले रात्री मुक्काम ठोकतात! कारण तिला रस्ता म्हणणंच चुकीचं. नुसते खडक. काही तर गुडघ्याएवढे. गाडी माणसाच्या चालीनं, कधी त्याहूनही हळू जाते. १९५३ सालापासून तिथं जीपगाड्यांच्या सहली निघतात.

आता एका गाडीची गंमत ऐका. टोयोटा कंपनीने १९८४ साली अमेरिकेत फोररनर नावाची गाडी आणली. आकारानं आटोपशीर आणि चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी. तिला पुढे पाट्यांवर बसवलेला अखंड दांडा होता. पाटे म्हणजे ट्रकखाली दिसतात ना, त्या एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. दोनच वर्षांनी, १९८६ च्या गाडीत कंपनीने तो दांडा काढला आणि पुढची चाकं स्वतंत्र केली. स्प्रिंगच्या जागी लांब पोलादी सळ्या आल्या. ओला टॉवेल पिळताना तो हातात उलटा जोर करतो, तशी ही सळी पिळली जाते आणि परत सुटते.

शहरातले लोक खूश झाले. खडकांतले लोक मात्र डोकं खाजवू लागले. असं का? तीन कारणं आहेत.

पहिलं कारण कावडीचं. कावडीचं एक टोक वर गेलं की दुसरं खाली दबतं. दांड्याचंही तसंच. एक चाक खडकावर चढलं की दांडा कलतो आणि दुसऱ्या चाकाला जमिनीकडे दाबतो. दोन्ही चाकं जमीन धरून राहतात. हवेत लटकलेलं चाक नुसतं गरगर फिरतं, ते गाडीला काय ओढणार?

दुसरं कारण पोटाचं. दोन चाकांच्या मध्ये दातेरी चक्रांचा एक गोळा असतो. इंजिनाची ताकद तो दोन्ही चाकांना वाटतो. त्याचं नाव डिफरन्शियल. स्वतंत्र चाकांच्या गाडीत हा गोळा वर सांगाड्याला बांधलेला असतो. गाडी दणकन आदळली की चाकं वर जातात, सांगाडा खाली बसतो आणि गोळा खडकाला भेटायला निघतो! दांड्याच्या गाडीत गोळा दांड्यातच असतो. उभ्या गाडीत तो जमिनीच्या जास्त जवळ दिसतो, हे खरं. पण स्प्रिंग कितीही दबली तरी त्याचं आणि जमिनीचं अंतर चाकंच ठरवतात. त्यामुळे कोणता खडक पोटाखालून जाईल, याचा चालकाला नेमका अंदाज येतो.

तिसरं कारण मजबुतीचं. दांडा आतून पोकळ असतो. चाक फिरवणारी सळी त्या नळीत सुरक्षित आणि सरळ राहते. वाकायचं ते फक्त टोकाच्या सांध्यात, चाक वळवण्यापुरतं. स्वतंत्र चाकांत ही सळी उघडी असते आणि चाक वरखाली झालं की तिचे सांधे वाकतात. खडकांसाठी मोठे टायर घालून गाडी उंच केली, की हे सांधे कायमच जास्त वाकलेले राहतात. हात पूर्ण वाकवून बादली उचलून पाहा, म्हणजे सांध्याला काय होतं ते कळेल.

शस्त्रक्रिया

म्हणून काही गाडीवाले १९८६ नंतरच्या फोररनरला १९७९ ते १९८५ च्या टोयोटा गाड्यांचा जुना दांडा बसवू लागले. भंगारातल्या गाडीचा दांडा शोधायचा आणि नव्या गाडीला लावायचा!

ऐकायला सोपं वाटतं. पण ही मोठी शस्त्रक्रिया आहे. आधी पुढची चाकं, त्यांचे हात, त्या पिळाच्या सळ्या आणि तो गोळा, सगळं उतरवायचं. मग सांगाड्यावरचे लोखंडी कान कापून, घासून साफ करायचे. नंतर पाटे अडकवण्यासाठी नवे कान वेल्डिंगनं जोडायचे. त्यावर पाटे आणि पाट्यांवर दांडा.

संपलं? छे! खरी परीक्षा पुढे आहे. पुढच्या आणि मागच्या गोळ्यांतल्या दात्यांचं प्रमाण एकच लागतं. नाहीतर चारही चाकांची ताकद जोडली की पुढची चाकं एक हिशेब करतात आणि मागची दुसरा. या ओढाताणीत काहीतरी तुटतं. दांडा पूर्वीपेक्षा जास्त वरखाली होतो, म्हणून ब्रेकच्या नळ्या लांब हव्यात. आखूड राहिल्या तर ताणून फुटतील आणि ब्रेक जातील.

सर्वांत नाजूक काम स्टिअरिंगचं. तुमच्या सायकलचा पुढचा चिमटा पाहा. तो सरळ उभा नसतो, थोडा मागे झुकलेला असतो. म्हणून चालती सायकल आपली आपण सरळ राहायला बघते. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही असा झुकाव लागतो. दांडा जोडताना तो चुकला तर वेगात असताना पुढची चाकं थडथडा हलू लागतात आणि स्टिअरिंग हातात ठरत नाही. स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारी सळी फार तिरकी बसली, तर खड्डा आला की गाडी आपोआप एका बाजूला वळते. आणि वेल्डिंग कच्चं असेल तर? तो सांधा घरात तुटत नाही, रस्त्यावर तुटतो. तेव्हा गाडीत आई, बाबा, भाऊ, बहीण बसलेले असतात. समोरून दुसऱ्या कुणाची आई, दुसऱ्या कुणाचा भाऊ येत असतो.

म्हणून तिकडचे जाणकारसुद्धा मापं पुन्हा पुन्हा तपासतात. आणि एवढं सगळं नीट जमलं तरी किंमत मोजावी लागतेच. गाडी उंच होते, म्हणून वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. गुळगुळीत रस्त्यावरचं पूर्वीचं सुख जातं. खडकांवर जे मिळवलं, ते रस्त्यावर गमावलं.

पालकांसाठी दोन शब्द

आपल्याकडे हा उद्योग घरच्या घरी किंवा कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये करायचा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने बनवलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. मुलं हट्ट करतील, पण त्यांना हे कारणासकट सांगा.

आणि दांडाच हवा असेल तर तो कारखान्यातूनच बसवून आलेल्या गाड्याही आहेत. १९८५ साली भारतात आलेल्या मारुती जिप्सीला पुढे आणि मागे दांडेच होते. ताडोबाच्या जंगलात वाघ पाहायला गेला असाल, तर कदाचित त्याच दांड्यांवर बसून फिरला असाल! २०२३ साली आलेल्या जिम्नीलाही पुढे-मागे दांडेच आहेत. म्हणजे दांडा काही म्हातारा होऊन घरी बसलेला नाही.

मग श्रेष्ठ कोण?

हे सगळं सांगून झाल्यावर मी त्या दोघा मित्रांना विचारलं, "आता सांगा, कुणाची गाडी चांगली?"

दोघंही गप्प. मग मामांच्या गाडीवाला हळूच म्हणाला, "गुरुजी, हायवेवर आमची." जीपवाला म्हणाला, "आणि पावसाळ्यात वाडीच्या वाटेवर आमची!" आणि दोघंही हसले.

मला म्हणायचं होतं ते त्यांनीच म्हणून टाकलं. आधी वाट पाहायची, मग गाडी.

दुसऱ्या दिवशी जीपवाला मुलगा एक कागद घेऊन आला. बाबांच्या जीपच्या खालच्या भागाचं चित्र होतं. दांडा, पाटे, मधला गोळा, सगळं ओळखता येत होतं. गोळ्याशेजारी बाण काढून त्यानं लिहिलं होतं, 'इथे तेल गळते. बाबांना सांगितले.'

मुलांनो, तुम्हीही असं एक चित्र काढा. घरची गाडी नसेल तर शेजारची चालेल, मालकाला विचारून. ट्रॅक्टर चालेल, बैलगाडी तर उत्तमच. कोणतं चाक कशाला जोडलंय ते पाहा आणि ही गाडी कोणत्या वाटेसाठी बनवली असेल, ते चित्राखाली एका वाक्यात लिहा.