मतदारांनी मुख्य न्यायाधीशांनाच घरी पाठवलं, ते कॅलिफोर्नियातलं १९८६ सालचं प्रकरण काय होतं?

एखादा निकाल पटला नाही की आपल्याकडे कमेंटमध्ये हमखास एक वाक्य येतं, ‘जज लोकांनीच निवडायला हवेत.’ भारतात तसं होत नाही. हायकोर्टाचे न्यायमूर्ती ६२व्या वर्षी आणि सुप्रीम कोर्टाचे ६५व्या वर्षी निवृत्त होतात. मधेच कुणाला काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. १९९३ मध्ये न्या. व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धचा प्रस्ताव लोकसभेतच पडला होता.

अमेरिकेत मात्र हे मत देणं खरोखर घडतं. तिथे देशाचं सुप्रीम कोर्ट वेगळं आणि प्रत्येक राज्याचं सर्वोच्च न्यायालय वेगळं. (न्यूयॉर्कमध्ये तर ‘सुप्रीम कोर्ट’ हे खालच्या न्यायालयाचं नाव आहे, त्यामुळे बातमी वाचताना घोळ होतो.) देशाच्या कोर्टातले न्यायाधीश तहहयात असतात. राज्यांमध्ये ज्याचे त्याचे नियम. टेक्सासमध्ये न्यायाधीश चक्क पक्षाच्या तिकिटावर निवडणूक लढवतात.

कॅलिफोर्नियाने १९३४ मध्ये मधला मार्ग काढला. गव्हर्नर न्यायाधीश नेमतो, तीन जणांचा आयोग त्यावर शिक्कामोर्तब करतो, आणि मग पुढच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर त्या न्यायाधीशाचं नाव येतं. समोर विरोधक नसतो, पक्षाचं चिन्ह नसतं. एकच प्रश्न असतो, यांना पदावर ठेवायचं का? हो किंवा नाही. पूर्ण मुदत १२ वर्षांची. तुमचा एखादा मावसभाऊ सॅन होजेत राहून तिथला नागरिक झाला असेल, तर त्याच्याही मतपत्रिकेवर ही नावं येतात.

पहिली पन्नासेक वर्षं लोक ‘हो’वर खूण करून पुढे जायचे. सर्वोच्च न्यायालयातला एकही न्यायाधीश यात हरला नाही. मग आल्या रोझ बर्ड.

१९७७ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी त्यांना थेट मुख्य न्यायाधीश केलं. वय ४०. त्या न्यायालयातल्या पहिल्या महिला, आणि त्याआधी कुठेही न्यायाधीश नव्हत्या. आयोगात मंजुरी मिळाली ती दोन विरुद्ध एक मताने. त्याआधी ब्राऊन यांच्या मंत्रिमंडळात शेती खातं त्यांच्याकडे होतं. शेतमजुरांना युनियनचा हक्क देणारा १९७५चा कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आखूड दांड्याच्या कुदळीवरची बंदीही त्याच काळातली. ती कुदळ घेऊन मजुरांना दिवसभर कमरेत वाकून काम करावं लागायचं. म्हणजे कोर्टात पाऊल ठेवायच्या आधीच बडे बागायतदार त्यांच्यावर नाराज होते. १९७८च्या मतदानात त्या जेमतेम ५२ टक्क्यांवर तरल्या.

खरा वाद पेटला फाशीवरून. १९७२ मध्ये याच न्यायालयाने फाशी रद्द केली होती. त्याच वर्षी मतदारांनी ती परत आणली आणि १९७८ मध्ये तिची व्याप्तीही वाढवली. बर्ड यांच्यासमोर फाशीची साठहून अधिक प्रकरणं आली. प्रत्येक प्रकरणात त्यांनी फाशी रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं. बहुतेक वेळा त्यांचं म्हणणं खटल्यातल्या चुकांबद्दल असायचं. पण खून झालेल्यांचे नातेवाईक टीव्हीवरच्या जाहिरातीत बोलू लागल्यावर हा कायदेशीर बारकावा कोण ऐकणार? गव्हर्नर जॉर्ज ड्युकमेजियन उघडपणे विरोधात उतरले. प्रचाराला पैसा पुरवणाऱ्यांमध्ये उद्योग आणि शेती क्षेत्रातलेही होते. त्यांचा राग कामगार आणि ग्राहकांच्या बाजूने लागलेल्या निकालांवर होता, जाहिरातीत मात्र फाशीच दिसत होती. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट हीच.

४ नोव्हेंबर १९८६ला सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी बर्ड यांना ‘नाही’ म्हटलं. सोबत क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन हेही गेले. रेनोसो हे त्या न्यायालयातले पहिले लॅटिनो न्यायाधीश. त्याच दिवशी ड्युकमेजियन पुन्हा निवडून आले, त्यामुळे सातपैकी तीन रिकाम्या खुर्च्या भरण्याचं काम त्यांच्याच हाती आलं. नव्या न्यायालयात फाशी कायम होण्याचं प्रमाण झपाट्याने वाढलं. १९६७ नंतर थांबलेली प्रत्यक्ष फाशी १९९२ मध्ये पुन्हा सुरू झाली. बर्ड यांचं १९९९ मध्ये कर्करोगाने निधन झालं.

याच न्यायालयातले एक न्यायाधीश ओटो कॉस यांनी या मतदानाला बाथटबमधल्या मगरीची उपमा दिली होती. सकाळी दाढी करताना तिच्याकडे बघायचं नाही असं कितीही ठरवा, ती आहे हे डोक्यातून जात नाही. निवडणूक तोंडावर असताना आलेल्या वादग्रस्त प्रकरणांत आपलं मत नेमकं कशाने ठरलं, हे आपल्यालाच खात्रीने सांगता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

आयोवा राज्यात हीच मगर २०१० मध्ये दिसली. आदल्या वर्षी तिथल्या सातही न्यायाधीशांनी एकमताने समलिंगी विवाहाला मान्यता दिली होती. त्यातल्या तिघांची नावं मतपत्रिकेवर होती, मुख्य न्यायाधीश मार्शा टर्नस यांच्यासह. तिघेही हरले. निकाल मात्र तसाच राहिला आणि लग्नं लागत राहिली. दोन वर्षांनी त्याच निकालातले चौथे न्यायाधीश डेव्हिड विगिन्स यांची पाळी आली. पुन्हा तसाच प्रचार झाला, पण या वेळी लोकांनी त्यांना पदावर ठेवलं.