उतारा, उत्तर आणि आपली मराठी
विज्ञानविषयक छोट्या इंग्रजी उताऱ्यांच्या वाचनसरावाविषयी

गेली काही वर्षे आमच्या महाविद्यालयात आठवड्यातून एक तास इंग्रजी उतारावाचनाचा असतो. स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी तो सुरू झाला. मी मराठी साहित्याची अध्यापक, त्यामुळे हा तास माझ्याकडे येण्याचे खरे तर काही कारण नव्हते. वेळापत्रकातल्या एका अडचणीमुळे तो आला आणि नंतर मीच तो सोडला नाही. इंग्रजी वाचताना आपली मुले नेमकी कुठे अडतात, हे मला तिथे मराठीची शिक्षक म्हणून दिसू लागले. त्याविषयीच हे टिपण आहे.

पहिल्या वर्षीचा एक प्रसंग सांगते. खारफुटीवरचा सात-आठ ओळींचा उतारा होता. त्यात एक वाक्य असे होते : 'द मड अराउंड मॅन्ग्रोव्ह रूट्स होल्ड्स लिटल ऑक्सिजन.' पुढचे वाक्य होते : 'सम मॅन्ग्रोव्ह्ज, देअरफोर, सेंड अप रूट्स दॅट टेक इन एअर व्हेन द टाइड इज आउट.' मांडवीकाठच्या गावातून येणाऱ्या एका मुलीने उत्तर लिहिले, की चिखलात थोडा ऑक्सिजन असतो आणि तो झाडाला पुरतो. मी विचारले, "हे कुठून काढलेस?" ती म्हणाली, "मॅडम, लिटल म्हणजे थोडा. थोडा म्हणजे आहे ना?"

मी उतारा बाजूला ठेवायला सांगितले. "ओहोटीच्या वेळी तुमच्याकडे चिखलातून बोटाएवढी मुळे वर आलेली दिसतात ना? ती वर का येतात?" क्षणभरही न थांबता ती म्हणाली, "खाली कोंडतं त्यांना, म्हणून." मग तिने उतारा पुन्हा उघडला, 'लिटल'कडे पाहिले आणि स्वतःच म्हणाली, "म्हणजे जवळजवळ नाहीच!"

'लिटल' आणि 'अ लिटल' यांतला फरक तिने शाळेत पाठ केलेला होता. खारफुटी तर ती रोज पाहत होती. या दोन्ही गोष्टी तिच्याजवळ असूनही वाचताना त्यांची गाठ पडली नाही. 'देअरफोर' हा शब्द तिने वाचला, पण तो कशामुळे आला हे विचारले नाही. विचारले असते तर पहिल्या वाक्याचा अर्थ चुकला आहे हे तिचे तिलाच कळले असते.

विज्ञानाचाच उतारा का?

विद्यार्थ्याला त्या विषयाची थोडीफार माहिती आधीच असते, हा विज्ञानाच्या छोट्या उताऱ्याचा पहिला फायदा. या माहितीला किती वजन आहे, हे अमेरिकेतल्या डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांच्या १९८८ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसले. त्यांनी ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे चौथीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला पाण्याचे चक्र, पानांचे अन्न तयार करणे, भरती-ओहोटी या गोष्टी मराठीतून कळलेल्या असतात. ती त्याची शिदोरी आहे. पाचवीत माध्यम बदलले, की ही शिदोरी बाहेर ठेवून वर्गात यायचे असते, अशी त्याची समजूत होते. ही समजूत मोडणे हा माझ्या मते या सरावाचा पहिला हेतू असावा.

दुसरा फायदा असा, की विज्ञानाच्या उताऱ्यात अर्थ तपासता येतो. कवितेच्या दोन वाचनांपैकी दोन्ही बरोबर असू शकतात. चिखलात ऑक्सिजन पुरेसा आहे की नाही, याचे उत्तर मात्र एकच.

उतारा छोटा असावा, साधारण १२० ते १५० शब्दांचा. त्यात अनोळखी शब्द किती असावेत, याला एक आधार आहे. हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली एका कथात्म उताऱ्यावर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायचे तर मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. हे प्रमाण धरले तर १५० शब्दांत अनोळखी शब्द तीनच बसतात. बाजारातल्या सरावपुस्तकांत दहा-बारा सहज निघतात. तो मग वाचनाचा सराव राहत नाही, शब्दकोश उलटण्याचा होतो. असे उतारे मी आधी सोपे करून घेते किंवा स्वतः लिहिते.

चार गाठी

मुले अडतात त्या जागा मोजक्याच आहेत.

पहिली गाठ ओळखीच्या शब्दांची. 'फोटोसिंथेसिस'सारखा लांबलचक शब्द मुलांना फारसा अडवत नाही. तो अवघड आहे हे दिसतच असते, म्हणून ती थांबतात. 'डीहायड्रेशन' आणि 'निर्जलीकरण' शेजारी लिहून दाखवले, की 'डी' म्हणजे निर्, 'हायड्र' म्हणजे जल, हे त्यांना लगेच पटते. फसवतात ते रोजचे शब्द. 'सोल्यूशन' म्हणजे उत्तर हे माहीत असते, पण रसायनशास्त्रात ते द्रावण असते. 'कल्चर' म्हणजे संस्कृती, पण १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात फ्लेमिंगच्या ज्या 'कल्चर'वर बुरशी आली, ते काचेच्या बशीत वाढवलेले जिवाणू होते. 'करंट', 'सेल', 'मास', 'मॅटर', 'वर्क' यांचेही तसेच. ओळखीचा शब्द वाक्यात विचित्र वागू लागला, तर विषय कोणता आहे ते आधी पाहावे, एवढी सवय लागली तरी पुष्कळ झाले.

दुसरी गाठ नामांची. वैज्ञानिक इंग्रजीत क्रियापदाचे नाम करून वाक्य आवळण्याची रीत आहे. भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे यांनी न्यूटनच्या लेखनापासून या रीतीचा माग काढला आहे. एक वाक्य पाहा : 'इव्हॅपरेशन फ्रॉम द आउटर सर्फेस ऑफ ॲन अर्दन पॉट लोअर्स द टेम्परेचर ऑफ द वॉटर इनसाइड.' यातल्या क्रियेचे 'इव्हॅपरेशन' हे नाम झाले आहे, त्यामुळे काय घडते आणि कशामुळे, हे चटकन दिसत नाही. मी मुलांना नामाचे पुन्हा क्रियापद करायला लावते. 'माठ बाहेरून पाझरतो, ते पाणी वाफ होऊन उडते, म्हणून आतले पाणी गार होते.' एका वाक्याची तीन झाली आणि 'म्हणून' उघडा पडला. मग मी विचारते, की मे महिन्यात ग्वाल्हेरच्या माठातले पाणी पणजीच्या माठातल्या पाण्यापेक्षा गार का लागते? हवेत आधीच ओलावा असला तर पाणी उडायला वेळ लागतो, हे उताऱ्यात लिहिलेले नाही. पण ज्याला उतारा कळला त्याला ते सांगता येते. न कळलेल्याला 'इव्हॅपरेशन'चा अर्थ पाठ असूनही सांगता येत नाही.

तिसरी गाठ वाक्याच्या बांधणीची. इथे मराठीच्या शिक्षकाला काम आहे. मराठी विशेषण आधी सांगते, नाम नंतर. इंग्रजी पुष्कळदा नाम आधी ठेवते आणि त्याची माहिती मागून जोडते. 'वॉटर हीटेड अंडर प्रेशर बॉइल्स ॲट अ हायर टेम्परेचर' हे वाक्य मुले 'पाणी दाबाखाली तापले' असे वाचून पूर्णविराम देतात आणि मग 'बॉइल्स'चे काय करायचे ते त्यांना कळत नाही. मी सांगते, दोन क्रियापदे दिसतात, त्यातल्या कोणाचे मराठीत 'लेले' करता येते ते पाहा. 'दाबाखाली तापवलेले पाणी जास्त तापमानाला उकळते.' प्रेशर कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते तेही त्याच वाक्यात सापडले. जिथे 'दॅट' किंवा 'विच' आहे, तिथे आपली 'जो–तो'ची जोडी लावावी. 'द गॅस दॅट प्लांट्स रिलीज' म्हणजे 'जो वायू वनस्पती सोडतात तो'. 'तो' म्हटले, की वाक्य अजून संपलेले नाही हे कानाला आपोआप कळते.

चौथी गाठ खात्रीच्या मापाची, आणि परीक्षेत सर्वांत जास्त गुण तिच्यामुळे जातात. 'मे', 'सजेस्ट्स', 'इज थॉट टु' हे शब्द मुले ओलांडून जातात. उताऱ्यात असते 'मॅन्ग्रोव्ह्ज मे रिड्यूस द फोर्स ऑफ वेव्ह्ज'. पर्यायात असते 'खारफुटी लाटा थांबवते'. खाडीकाठचा मुलगा तो पर्याय निवडतो, कारण खारफुटीमुळे बांध टिकतो हे त्याने घरी ऐकलेले असते. शिदोरीची ही दुसरी बाजू आहे. ठाऊक असलेली गोष्ट समजायला मदत करते आणि तीच उताऱ्यावर स्वतःचा अर्थ लादायलाही लावते. मराठीत 'आहे', 'असावे', 'असेल', 'असू शकते', 'मानले जाते' अशा किती तरी पायऱ्या आहेत. मुलांना मी यांपैकी नेमका शब्द निवडायला लावते. 'सजेस्ट्स'ला 'सिद्ध करते' म्हणणाऱ्या मुलाची चूक मुळात मराठीतली आहे. दोन्ही शब्दांतले अंतर त्याला मराठीतच जाणवलेले नसते.

तास कसा घ्यावा

पहिल्या वाचनात प्रश्न झाकलेले असावेत. प्रश्न आधी पाहून उत्तर हुडकण्याची युक्ती शिकवणी वर्गांत शिकवतात. परीक्षेच्या घाईत तिचा उपयोग होत असेल, पण तिने वाचता येत नाही. एकदा शांतपणे वाचून झाले, की कागद उलटा ठेवायचा आणि शेजाऱ्याला दोन-तीन वाक्यांत सांगायचे. हे सांगणे मराठीत, कोकणीत, घरी जे बोलतात त्यात. 'ऑक्सिजन', 'टेम्परेचर' असे शब्द इंग्रजीच राहिले तरी बिघडत नाही. माध्यम बदललेल्या अनेक मुलांना 'बाष्पीभवन' हा शब्द माहीतच नसतो. तो फळ्यावर लिहावा, पण त्यासाठी कोणाला थांबवू नये.

मग उतारा पुन्हा उघडून सांध्यांचे शब्द अधोरेखित करायचे : 'हाउएव्हर', 'देअरफोर', 'अनलेस', 'दीज', 'इट'. 'इट' म्हणजे कोण, 'दीज' म्हणजे कोणते, हे समासात लिहायचे. 'इट वॉज नॉट अन्टिल १९३० दॅट प्लूटो वॉज डिस्कव्हर्ड' यासारख्या वाक्यात प्लूटो सापडला की नाही, यावर एका वर्षी अर्धा तास वाद झाला. 'तोपर्यंत नाही, तेव्हाच' हे ज्या क्षणी कोणी तरी मराठीत म्हटले, त्या क्षणी वाद मिटला.

प्रश्न येतात ते सर्वांत शेवटी. नियम एकच : प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातल्या वाक्यावर बोट ठेवायचे. बोट ठेवता आले नाही, तर ते उत्तर आपले, उताऱ्याचे नव्हे. अनुमानाचा प्रश्न असेल, तर ज्या वाक्यांवरून अनुमान काढले त्या दोन्हींवर बोट ठेवायचे.

इंग्रजीच्या तासाला मराठी बोलू दिली तर मुले कायम भाषांतर करत बसतील, असा आक्षेप सहकारी घेतात. त्यात तथ्य आहे. म्हणून मराठीचा उपयोग मी वाचून झाल्यावर, अर्थ तपासण्यापुरता करते. शब्दाखाली शब्द लिहू देत नाही. सहा महिन्यांनी सांगण्यातला एक भाग इंग्रजीत होऊ लागतो. घड्याळ लावून सराव त्यानंतर.

दोन भाषा शेजारी ठेवून वाचणे आपल्याला नवीन नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले, त्याच्या पानावर एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर असे. त्यात मराठीचा स्तंभ कमीपणाचा नव्हता. बेळगावात कन्नड आणि इंग्रजीच्या मध्ये, इंदुरात हिंदी आणि इंग्रजीच्या मध्ये, आमच्याकडे कोकणी आणि इंग्रजीच्या शेजारी मराठी घेऊन शिकणाऱ्या मुलांच्या मनातही तो स्तंभ असतोच. तो पुसून टाका, म्हणजे इंग्रजी येईल, असे त्यांना वर्षानुवर्षे सुचवले जाते. त्यातून दोन्ही स्तंभ कोरे राहिलेली मुले माझ्या वर्गात येतात. त्यांना इंग्रजी वाक्य कळत नाही, आणि कळलेले मराठीत सांगता येत नाही.

त्या मुलीने पुढच्या वर्षी स्वतः एक उतारा लिहून आणला. तिच्या गावच्या खाजन शेतीतल्या मानशीवर होता. भरतीच्या पाण्याने फळ्या आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, त्यामुळे खारे पाणी शेतात शिरत नाही, एवढाच विषय. इंग्रजी १२४ शब्दांचे होते, दोन ठिकाणी व्याकरण चुकले होते. मात्र 'देअरफोर' बरोबर जागी होता. तो उतारा आता दरवर्षी जूनमध्ये पहिल्या तासाला मी देते.