दिवसा वारा, रात्री वारुणी!

दिवसभर अंगावर खारं पाणी, तळहातावर दोराचे वळ आणि संध्याकाळी त्याच ओल्या केसांनी, हातात ग्लास घेऊन रंगलेल्या गप्पा. इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटावरच्या काउज गावात दर उन्हाळ्यात आठवडाभर हेच चालतं. ‘काउज वीक’ ही शिडांच्या होड्यांची रेगाटा, १८२६ साली सुरू झालेली. इथे ऑलिंपिक गाजवलेले खेळाडू आणि आपल्यासारखी सोमवार ते शुक्रवार ऑफिसात बसणारी मंडळी एकाच पाण्यात उतरतात.

हौशी, पण हलकं नाही

काउजसमोरच्या सोलेंट सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचा प्रवाह जबरदस्त. त्याच्या उलट वारा सुटला, की लाटा आखूड आणि उभ्या होतात. मधोमध ब्रॅम्बल बँक नावाचा वाळूचा दांडा. भल्याभल्यांच्या बोटी त्यावर रुततात. वर्षातल्या मोठ्या ओहोटीला तो थोडा वेळ उघडा पडतो, तेव्हा स्थानिक क्लबवाले तिथे चक्क क्रिकेट खेळतात!

‘आज नको’ म्हणायची सोय

गुणांचं गणित उलटं आहे. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन. बेरीज सगळ्यात कमी तो विजेता. अनेक शर्यतींच्या मालिकेत सहसा सर्वांत वाईट निकाल वगळतात. म्हणजे एखाद्या दिवशी हवा बिघडली आणि तुम्ही धक्क्यावरच थांबलात, तरी सगळं संपत नाही. नियमावलीही स्पष्ट सांगते: शर्यतीत उतरायचं का, उतरल्यावर पुढे जायचं का, ही जबाबदारी त्या बोटीचीच.

ही जबाबदारी किती जड असते, ते ऑगस्ट १९७९ मध्ये कळलं. काउजहून निघालेल्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी होत्या. भर समुद्रात वादळाने गाठलं आणि १५ खलाशी गेले. २४ बोटी माणसांनी सोडून दिल्या. त्यांतल्या १९ नंतर तरंगताना सापडल्या. त्यानंतर सुरक्षेचे नियम कडक झाले.

म्हणून रेगाटाची पार्टी म्हणजे केवळ चैन नव्हे. सगळे धक्क्याला लागले, याचाही तो आनंद असतो.

क्रूमध्ये जाताय?

मुंबईत गेटवेजवळचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासूनचा. पावसाळा सरला की बंदरात शिडं दिसू लागतात. बोटीवर चढण्याआधी एवढं बघा:

• जिंकायचंय की मजा करायचीय, ते क्रूने आदल्या दिवशीच ठरवावं. अर्धे इकडे, अर्धे तिकडे असले की भांडण नक्की.

• वारा चढायच्या आत शीड लहान करा. नंतर हात पुरत नाहीत.

• लाइफजॅकेट अंगावर हवं, लॉकरमध्ये नव्हे.

• ग्लास धक्क्यावर. आणि तोही बेताने, कारण उद्या सकाळी सुकाणू तुमच्याच हातात आहे.

• स्किपर ‘परत फिरा’ म्हणाला, की वाद नाही. वाद घालायला अख्खी संध्याकाळ पडलीय, बॉस!