फोटोमागचं नाव

पौडमध्ये बोलायला आज आम्ही एक घरगुती विषय घेतला आहे. आई-वडिलांना आपण ओळखतो ते आपल्या जन्मापासून. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं ती माणसं जगत होती, हसत होती, काहीबाही ठरवत होती. त्यात आपण कुठेच नव्हतो. जुना फोटो हाती आला की हे एकदम लक्षात येतं. पण फोटो आपल्याला नेमकं काय सांगतो?

चित्रकार मनानं चेहरा काढू शकतो. जुन्या कॅमेऱ्याला ती मुभा नव्हती. समोरच्या माणसावरून आलेला प्रकाश चांदीच्या क्षारांवर पडायचा, तेव्हा फोटो व्हायचा. न्यायदर्शनाच्या भाषेत बोलायचं तर धूर पाहून अग्नीचं अनुमान करावं, तसं फोटो पाहून कळतं की इथे कुणीतरी उभं होतं. कोण होतं, का हसत होतं, हे मात्र अनुमानानं मिळत नाही. त्यासाठी दुसरं प्रमाण लागतं: शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. शास्त्रात आप्त म्हणजे विश्वासार्ह माणूस. मराठीत आप्त म्हणजे नातलग. इथे दोन्ही अर्थ एकत्र येतात बघा.

आम्हा भावंडांना आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत एक फोटो मिळाला. शाळेच्या अंगणात सहा मुली, हातात लेझीम. मागे पेन्सिलीनं सहा नावं, त्यात आईचं नाव नाही. चेहऱ्यावरूनही कुणाला खात्रीनं सांगता येईना. शेवटी मावशीनं डावीकडून तिसऱ्या मुलीवर बोट ठेवलं आणि तिचं माहेरचं नाव घेतलं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायचं, ही आपल्याकडची रीत. आम्हाला ठाऊक होतं ते तांदळातलं नाव. त्या जुन्या नावाची, तोंडभर हसणारी मुलगी आम्ही कधी पाहिलीच नव्हती. आम्हाला आठवते ती हळू बोलणारी आई. ते हसू कुठे गेलं, हे विचारायला आता मावशीखेरीज कुणी नाही.

फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ याची आई १९७७ साली गेली. नंतर जुने फोटो चाळताना ती त्याला खऱ्या अर्थानं सापडली ती १८९८ सालच्या एका फोटोत, पाच वर्षांची, भावाशेजारी उभी. फोटोविषयीच्या आपल्या पुस्तकात, १९८० साली, त्यानं यावर सविस्तर लिहिलं, पण तो फोटो मात्र छापला नाही. परक्या डोळ्यांना त्यात एक लहान मुलगी दिसली असती, एवढंच.

आता आपल्या मुळशीकडे या. धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे नेते. पुढे धरण झालंच, गावं पाण्याखाली गेली. ज्या अंगणात तिथल्या मुली खेळल्या, ते अंगणही गेलं. कॅमेरा तेव्हा शेतकऱ्याच्या घरी कुठला असणार? म्हणजे इथे अनुमानाला धूरसुद्धा नाही. उरतो तो शब्द. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशीपासून सुरुवात करून महाराष्ट्रभर बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. त्यात माहेर आहे, आई आहे, भाऊ आहे. अनेक घरांत आजीच्या तरुणपणाचा अल्बम म्हणायचा तर तोच.

तेव्हा विनंती एवढीच. घरातलं सर्वांत वयस्कर माणूस गाठा, फोटो पुढे ठेवा आणि ऐका. मागे मऊ पेन्सिलीनं, दाब न देता, माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं लिहा. गाव लिहा, साल लिहा. मोबाइलवर फोटो उतरवून घ्याल तेव्हा मागची बाजूही घ्या. फोटो नसेल तर ओवी विचारा. फोटो पुष्कळ वर्षं टिकेल, सांगणारं माणूस तेवढं थांबणार नाही.