आकडा डोळ्यांना दिसावा

शाळेस भेट दिली असता मुख्याध्यापकांच्या खोलीत उपस्थितीचा तक्ता हमखास आढळतो. रंग सुरेख, अक्षर वळणदार; परंतु त्यातून पाहणाऱ्यास काय उमगते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तक्ता हा भिंतीचा अलंकार नव्हे. मुक्या आकड्यांना बोलते करण्याचे ते साधन होय.

प्रथम माझीच चूक सांगतो. लोहा तालुक्यातील एका शिक्षण परिषदेसाठी मी दोन शाळांच्या उपस्थितीचा स्तंभालेख काढला होता. एकीची उपस्थिती ८४ टक्के, दुसरीची ८८. जागा वाचावी म्हणून उभ्या अक्षावरील अंक मी शून्याऐवजी ८० पासून मांडले. परिणामी दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुप्पट उंच झाला आणि पहिल्या शाळेचे शिक्षक सभेत मान खाली घालून बसले. आकडे खरे होते. चित्र मात्र खोटे होते. स्तंभालेखाचा आरंभ शून्यापासूनच करावा, हे मी त्या दिवशी शिकलो.

चित्रालेखातही असाच धोका असतो. दुप्पट संख्या दाखविण्यासाठी मुलाची आकृती दुप्पट उंच व दुप्पट रुंद काढली, तर ती चौपट जागा व्यापते. व्हिएन्ना येथे १९२५ मध्ये स्थापन झालेल्या संग्रहालयात ऑटो नॉयराट यांनी यावर सोपा उपाय रूढ केला : आकृती मोठी करावयाची नाही, त्याच मापाच्या आकृत्या अधिक काढावयाच्या.

आता आपल्याकडील प्रश्न पाहू. समजा, वर्गाचा पट ४० आहे. ३४ मुले दहाही महिने येतात. सहा मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीस जातात आणि पाच महिने गैरहजर राहतात. वर्षाची सरासरी उपस्थिती ९२.५ टक्के भरते! या सरासरीच्या आड ती सहा मुले दिसेनाशी होतात. म्हणून महिन्यागणिक एक ओळ आखावी, प्रत्येक मुलामागे एक आकृती काढावी, हजर मुलांच्या आकृत्या रंगवाव्यात व गैरहजर मुलांच्या कोऱ्या ठेवाव्यात. रंग एकच पुरे. मुलांची नावे मात्र भिंतीवर लिहू नयेत. ‘उपस्थिती तक्ता’ या शीर्षकाऐवजी ‘दिवाळीनंतर सहा मुले शाळेत नाहीत’ असे स्पष्ट लिहावे.

२०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्यातील साक्षरता सुमारे ७५ टक्के होती. ज्या पालकास अक्षरे वाचता येत नाहीत, त्यासही कोऱ्या आकृत्या मोजता येतात. गतवर्षीचा असा तक्ता दिवाळीपूर्वीच्या पालकसभेत मांडला, तर मुलांना मागे नातलगांकडे ठेवण्याचा विचार घरोघरी होईल आणि हंगामी वसतिगृहाची मागणीही वेळेवर करता येईल.

शिक्षक बंधुभगिनींनो, तक्ता काढून झाल्यावर स्वतःस एवढेच विचारावे : हा पाहून उद्या कोण काय करील? उत्तर सापडले नाही, तर तक्ता पुन्हा काढावा.