शिराकावा-गो येथील शेतकऱ्यांचीं घरें

प्रेक्षणीय स्थळ म्हटलें म्हणजे राजवाडा, किल्ला अगर देवालय असेंच बहुधा मनांत येतें. परंतु जपानच्या गिफू प्रांतांतील शिराकावा-गो या खोऱ्यांत दरसाल दहा लाखांहून अधिक लोक जातात, ते मुख्यतः शेतकऱ्यांचीं राहतीं घरें पाहण्यासाठीं. १९९५ सालीं युनेस्को संस्थेनें येथील ओगिमाची हें गांव व शेजारच्या गोकायामा भागांतील दोन गांवें यांस जागतिक वारशाचा मान दिला. हीं घरें टिकलीं कशीं, हें जाणणें आमच्या वाचकांस बोधप्रद होईल.

शो नदीच्या कांठचें हें खोरें डोंगरांनीं वेढलेलें असून हिवाळ्यांत तेथें पुरुषभर बर्फ सांचतें. त्याचा भार राहूं नये म्हणून छपराच्या दोन्ही बाजू सुमारें ६० अंशांनीं उतरत्या ठेवितात. नमस्कारासाठीं जोडलेल्या हातांसारखी ही आकृति दिसते, म्हणून या बांधणीस ‘गाश्शो’ हें नांव पडलें. छपराचा सांगाडा खिळे न मारतां दोरांनीं व पिळलेल्या ओल्या फांद्यांनीं आवळतात. त्यामुळें तो वाऱ्यानें किंचित् लवतो, पण मोडत नाहीं. घरांतील शेगडीचा धूर वर चढून गवताचें व लांकडाचें किडीपासून रक्षण करितो.

भाताची जमीन तुटपुंजी असल्यानें पूर्वी घराचा कोपरान् कोपरा धंद्यास लाविला जाई. माळ्यावर रेशमाचे किडे पाळीत. तळघरवजा खड्ड्यांत माती, पाला व त्याच किड्यांची विष्ठा यांचे थर घालून तीं कांहीं वर्षें मुरवीत व त्यांतून बंदुकीच्या दारूचा सोरा काढीत. परदेशी सोरा स्वस्त मिळूं लागतांच हा धंदा बसला. पुढें रेशीमहि मागें पडलें.

छपराचें गवत तीस-चाळीस वर्षांनीं बदलावें लागतें. एका घराच्या बळावर हें काम होण्यासारखें नाहीं. म्हणून सारा गांव मिळून एक बाजू एकाच दिवसांत शाकारतो. शंभर-दोनशें माणसें छपरावर चढतात. या प्रथेस ‘युइ’ म्हणतात. आपल्याकडील सावड वा इर्जीक जाणणाऱ्यास तिचें मर्म सांगावयास नको. कोणी किती गवत, दोर व श्रम दिले, याची नोंद ठेवीत व त्याची फेड पिढ्यान् पिढ्या होत असे.

१९६१ सालीं मिबोरो धरण पुरें होऊन नदीच्या वरच्या अंगाचीं गांवें पाण्याखालीं गेलीं. अनेक जुनीं घरें विकलीं जाऊन शहरांत नेलीं गेलीं. तेव्हां १९७१ सालीं ओगिमाचीच्या रहिवाशांनीं मंडळ स्थापून तीन नियम केले: विकावयाचें नाहीं, भाड्यानें द्यावयाचें नाहीं, मोडावयाचें नाहीं. सरकारचें संरक्षण आलें तें त्यानंतर, १९७६ सालीं. गवती घरांस आगीचें भय मोठें. म्हणून गांवांत ५९ पाण्याच्या तोफा बसविल्या आहेत. डोंगरावरील हौदाचें पाणी उतारानें त्यांस मिळतें, व शरदऋतूंत त्यांची चाचणी होते. आगीविषयीं सावध करीत गांवकरी दिवसांतून अनेक वेळां फेरीहि घालतात.

तथापि या कीर्तीची किंमतहि गांवास द्यावी लागली. सुमारें दीड हजार वस्तीच्या तालुक्याएवढ्या मुलखांत लाखों पाहुणे लोटतात. कित्येक भातखाचरें मोटारी उभ्या करण्यास दिलीं गेलीं. पुढें गांवांत मोटारींस आळा घालावा लागला, व २०१९ पासून हिवाळ्यांतील दीपोत्सवास आगाऊ नोंदणी सक्तीची झाली. शाकारणीचें कामहि आतां पुष्कळदां मजुरी देऊन करवावें लागतें.

प्रवाशानें वादा घराण्याचें मोठें घर, तसेंच ऑक्टोबरांतील देवळाचा उत्सव व त्यांतील तांदळाची गढूळ मद्याची प्रसादी अवश्य पाहावी. परंतु आमच्या मतें खरी पाहण्याजोगी गोष्ट ती शाकारणी होय. पाहुण्यांच्या पैशानें गवत विकत मिळेल. शेजाऱ्याच्या छपरावर चढण्याची संवय मात्र विकत मिळत नाहीं. ती जाईल तर घरें उभीं राहतील, पण गांव राहणार नाहीं.